व्यसनं आणि मनोविकार यांची मोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्र, सामाजिक कार्य, नर्सिंग किंवा वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घोळही मोठा आहे.

दवाखान्यात डॉक्टर तपासतातच की. मग वेगळी एपिडेमिऑलॉजी, म्हणजे समाजातल्या आजारांची मोजणी, कशाला?

डॉक्टरांसमोर एक माणूस बसलेला असतो आणि प्रश्न असतो, याला काय झालंय? एपिडेमिऑलॉजीत प्रश्न बदलतात. असे किती जण आहेत, कोण आहेत, कोणत्या वयात सुरुवात झाली, किती जणांचं उपचाराविना सुटलं, आणि वर्षानुवर्षं दारू पिऊनही ज्यांचं काही बिघडलं नाही ते कशात वेगळे आहेत? हा शेवटचा प्रश्न ओपीडीत बसून सुटणारा नाही. ज्यांचं काही बिघडलं नाही ते ओपीडीची पायरी चढतच नाहीत.

व्यसनमुक्ती केंद्रात पेशंट मिळतात. त्यांचाच अभ्यास का करू नये?

उपचार कसे लागू पडतात हे शोधायचं असेल तर जरूर करावा. 'व्यसनी माणूस असा असतो' असं विधान करायचं असेल तर मात्र करू नये. यात दोन सापळे आहेत आणि दोन्हींत भले भले अडकतात.

पहिला सापळा मुदतीचा. समजा दरवर्षी १०० नवीन लोकांना एखादा त्रास सुरू होतो. त्यातले ८० जण वर्षभरात बरे होतात, उरलेल्या २० जणांचं दुखणं दहा वर्षं चालतं. काही वर्षांनी एखाद्या दिवशी मोजणी केली तर त्या दिवशी आजारी असलेल्यांत थोड्या मुदतीचे ८० आणि लांब मुदतीचे २०० सापडतील. म्हणजे दर दहा पेशंटांमागे सात चिवट आजाराचे. आजार मात्र दहांतल्या दोघांचाच चिवट होता. त्यातही चिवट आजारवाला दवाखान्यात जास्त वेळा येतो, म्हणून डॉक्टरांच्या मनावर त्याचाच ठसा राहतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये हे मांडलं आणि त्याला चिकित्सकाचा भ्रम म्हटलं. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा नाही. ते जिथे बसतात तिथून तेवढंच दिसतं.

दुसरा सापळा जोसेफ बर्क्सन यांनी १९४६ मध्ये दाखवला. ज्याला दारूचाही त्रास आहे आणि नैराश्यही आहे, त्याला दवाखान्यात यायला दोन कारणं असतात. एकाच त्रासाच्या माणसापेक्षा तो तिथे पोचण्याची शक्यता अधिक. त्यामुळे दवाखान्यात मोजलं की दोन आजारांचं नातं खऱ्यापेक्षा घट्ट दिसतं. काही वेळा तर नातं नसतानाही दिसतं.

उपचाराला येतात तरी किती? अमेरिकेतल्या २००१-०२ च्या नेसार्क सर्वेक्षणात ४३,०९३ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. ज्यांना पूर्वी कधी दारूचं अवलंबित्व होतं त्यांच्यापैकी जेमतेम एक चतुर्थांश लोकांनी आयुष्यात कधीतरी उपचार किंवा मदत घेतली होती. केंद्रात दिसतात ते या एक चतुर्थांशातले.

'एकदा लागलं की सुटत नाही' हे आकड्यांत दिसतं का?

दिसत नाही, निदान इतक्या सरसकट नाही. याचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांचा आहे. व्हिएतनाम युद्धातले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेऊ लागल्यावर सरकार धास्तावलं होतं: ही मुलं व्यसन घेऊन घरी परतली तर? रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांतून नमुना निवडला आणि त्यांना नंतर गाठून मुलाखती घेतल्या, लघवीही तपासली. जवळपास निम्म्यांनी तिथे अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलं होतं आणि सुमारे २० टक्क्यांना तिथे असताना व्यसन जडलं होतं. या व्यसन जडलेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडले ते फक्त ५ टक्के. तीन वर्षांचा हिशोब धरला तरी १२ टक्के.

त्या काळी अनेकांचा यावर विश्वासच बसेना. सरकारची लाज झाकायला केलेला अभ्यास म्हणून रॉबिन्सना टीकाही झेलावी लागली. पण त्यात जादू काही नव्हती. तोवर हेरॉइनबद्दलचं सगळं ज्ञान इस्पितळांत आणि तुरुंगांत पुन्हा पुन्हा येणाऱ्यांवरून बेतलेलं होतं. इथे पहिल्यांदाच व्यसन लागलेल्यांची अख्खी तुकडी, उपचाराला गेलेले आणि न गेलेले दोन्ही, एकत्र पाहायला मिळाली.

यावरून हेरॉइन फारसं घातक नाही असा अर्थ काढू नका. परिस्थिती बदलली, माल सहज मिळेनासा झाला, सोबतचे लोक बदलले, तर बऱ्याच जणांचं सुटतं एवढंच यातून निघतं. ज्यांचं सुटलं नाही त्यांचं दुखणं खरंच आहे.

सर्वेक्षणात माणसाला व्यसन आहे की नाही हे ठरवतात कसं? प्रत्येक घरी मानसोपचारतज्ज्ञ तर जात नाही.

नाही जात. १९८० मध्ये डीएसएम-३ (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती) आलं आणि प्रत्येक विकाराचे स्पष्ट निकष छापून मिळाले. त्यावरून शब्द न् शब्द ठरवून दिलेली मुलाखत तयार करता आली, जी डॉक्टर नसलेला, पण नीट प्रशिक्षण घेतलेला मुलाखतकार घेऊ शकतो. अमेरिकेतल्या पाच ठिकाणी झालेल्या ईसीए अभ्यासात अशी मुलाखत सुमारे २०,००० लोकांवर वापरली गेली. ती बनवण्यात पुढाकार पुन्हा ली रॉबिन्स यांचाच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची सीआयडीआय मुलाखत आली, नेसार्कसाठी ऑडॅडिस आली.

डीएसएम-५ (२०१३) मध्ये व्यसनाच्या विकाराचे ११ निकष आहेत: ठरवलं त्यापेक्षा जास्त घेतलं जाणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, तलफ, सोडल्यावर होणारा त्रास वगैरे. बारा महिन्यांत दोन किंवा तीन जुळले तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. कागदावर हे सोपं वाटतं. मुलाखतीत बसा म्हणजे कळेल. 'पूर्वीइतकाच परिणाम व्हायला आता जास्त प्यावी लागते का?' या प्रश्नाला वर्षभरापूर्वी पहिल्यांदा प्यालेला एकोणीस वर्षांचा मुलगा बेधडक 'हो' म्हणतो. सुरुवातीला दोन घोटांत चढायची, आता चढत नाही. हे पिण्याची सवय झाल्याचं लक्षण, आजाराचं असेलच असं नाही. 'ठरवलं त्यापेक्षा जास्त' या निकषाचंही तसंच. ज्याने कधी काही ठरवलंच नाही त्याने काय सांगायचं? म्हणून चांगली प्रश्नावली 'हो' ऐकून पुढे सरकत नाही. किती जास्त, किती वेळा, त्यामुळे काय झालं हे खोदून विचारते.

व्याख्या बदलली की आकडाही बदलतो. डीएसएम-४ मध्ये गैरवापर आणि अवलंबित्व अशी दोन वेगळी निदानं होती. अवलंबित्वाला तीन निकष लागत, गैरवापराला एक पुरे. अवलंबित्वाचे दोनच जुळले आणि गैरवापराचा एकही नाही, तर त्या माणसाचं नाव कुठल्याच यादीत चढत नसे. डीएसएम-५ मध्ये तोच माणूस सौम्य विकारात मोडतो. उलट ज्याचा एकच गैरवापराचा निकष जुळत होता तो आता बाहेर पडला. तेव्हा २००५ चा आणि २०१५ चा आकडा शेजारी ठेवून 'प्रमाण वाढलं' म्हणण्याआधी दोन्हीकडे मोजपट्टी एकच होती का ते बघा.

दारू-गांजाबद्दल लोक खरं सांगतात का?

काही सांगतात, काही नाही. दारूच्या बाबतीत पडताळा घेता येतो, कारण विक्रीची नोंद असते. लोकांनी सांगितलेलं पिणं एकत्र केलं की ते बऱ्याच देशांत विकल्या गेलेल्या दारूच्या ४० ते ६० टक्केच भरतं. उरलेली दारू जमिनीत तर मुरत नाही. थोडा भाग खोटं बोलण्याचा, थोडा विसरण्याचा, आणि थोडा जास्त पिणारी माणसं सर्वेक्षणात सापडतच नाहीत याचा.

फुशारकी मारून जास्त सांगणारेही असतात, विशेषतः शाळकरी मुलं. युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या एस्पॅड सर्वेक्षणात यावर छान युक्ती केली होती: पदार्थांच्या यादीत 'रेलेव्हिन' नावाचा एक पदार्थ घातला. असा पदार्थ अस्तित्वातच नाही. जो म्हणेल 'घेतलाय', त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही संशयाने पाहायचं.

सत्य काढायची आणखी एक युक्ती १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी सुचवली. तिचा एक सोपा अवतार असा: उत्तर देणाऱ्याने आपल्यालाच दिसेल असं नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. आता १,००० जणांपैकी ५६० जण 'हो' म्हणाले असं धरा. साधारण ५०० 'हो' नाण्याचे. उरलेले ६० काटा पडलेल्या ५०० जणांतून आले, म्हणजे १२ टक्के. कोण व्यसनी हे मुलाखतकाराला कधीच कळत नाही, तरी प्रमाण हाती लागतं. किंमत अशी की अंदाज ढोबळ होतो आणि नमुना मोठा लागतो.

माणसाला न विचारताही काही कळतं. कोकेन घेतल्यावर शरीरात त्यापासून बेंझॉइलएक्गोनिन तयार होतं आणि लघवीतून बाहेर पडतं. इटलीच्या संशोधकांनी पो नदीच्या पाण्यात ते मोजलं आणि २००५ मध्ये जाहीर केलं की नदीतून रोज सुमारे ४ किलो कोकेनइतका ऐवज वाहतो. अधिकृत अंदाजापेक्षा हे बरंच जास्त होतं. आता अनेक शहरांचं सांडपाणी नियमित तपासलं जातं. पण सांडपाणी किती कोकेन ते सांगतं, किती माणसं ते सांगत नाही. एकाने दहापट घेतलं की दहांनी थोडं थोडं, हे गटाराला कळत नाही.

घरोघरच्या सर्वेक्षणातून कोण सुटतं?

तुरुंगातले, बेघर, इस्पितळात भरती असलेले, वसतिगृहातले. म्हणजे नेमके ते, ज्यांच्यात प्रमाण जास्त असण्याची शक्यता. सुईने नशा करणाऱ्यांसाठी घरांची यादी उपयोगाची नाही. तिथे एका सहभागी माणसाने ओळखीतल्या मोजक्याच जणांना कूपन देऊन पुढे पाठवायचं आणि कोणाची ओळख किती मोठी याचा हिशोब ठेवायचा, अशी पद्धत डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडली. याखेरीज दोन स्वतंत्र याद्यांत, उदाहरणार्थ उपचार केंद्राच्या आणि पोलिसांच्या, किती नावं सामाईक आहेत त्यावरून दोन्हींत नसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. याद्या खरोखर स्वतंत्र असतील तरच.

'आयुष्यात कधीतरी' आणि 'गेल्या वर्षभरात' यांपैकी कोणता आकडा धरायचा?

सेवा उभारायची असेल तर वर्षभराचा. आयुष्यभराचा आकडा ऐकायला भारदस्त असतो, पण तो स्मरणशक्तीवर टांगलेला असतो. न्यूझीलंडमधल्या डनीडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यांना दर काही वर्षांनी 'गेल्या वर्षभरात काय झालं' असं विचारत गेलं आणि ३२ व्या वर्षापर्यंतची बेरीज केली, तर नैराश्य, चिंताविकार, दारू आणि गांजाचं अवलंबित्व या सगळ्यांचं प्रमाण एकदाच मागे वळून विचारणाऱ्या सर्वेक्षणांच्या जवळपास दुप्पट निघालं. लोक आपलं विशीतलं नैराश्यसुद्धा विसरतात.

व्यसन आणि मनोविकार एकत्र खरंच इतके आढळतात, की तो दवाखान्याचाच भास?

खरंच आढळतात. घरोघर मोजूनही नातं टिकतं, हेच ईसीएचं मोठं देणं. १९९० मध्ये डॅरेल रेगियर आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या २०,२९१ लोकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण लोकांत आयुष्यभरातलं मनोविकाराचं प्रमाण २२.५ टक्के होतं. दारूचा विकार झालेल्यांत ते ३७ टक्के, इतर नशेच्या पदार्थांचा विकार झालेल्यांत ५३ टक्के. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना कोणत्या तरी पदार्थाचा विकार झालेला होता. उपचार केंद्रांत आणि तुरुंगांत हे एकत्र येणं याहून जास्त दिसतं. त्यातला काही भाग बर्क्सनच्या सापळ्याचा, सगळा नव्हे.

मग आधी काय? नैराश्यामुळे दारू की दारूमुळे नैराश्य?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ज्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं त्याची निराशा होते. तीन शक्यता आहेत. मनाचा त्रास शमवायला माणूस पदार्थाकडे वळतो. एडवर्ड खान्टझियन यांनी १९८५ मध्ये हे मत ठामपणे मांडलं. किंवा पदार्थामुळे मन बिघडतं. किंवा आनुवंशिकता, बालपणीची आबाळ, हिंसा अशा तिसऱ्याच कारणातून दोन्ही उगवतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून या तिसऱ्या शक्यतेला बरंच बळ मिळालं आहे. प्रत्यक्षात एकाच माणसात तिन्ही एकत्र नांदतात.

सर्वेक्षणात क्रम लावायचा तर सुरुवातीचं वय विचारतात. चिंताविकार बहुधा बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतात, दारूचा विकार त्यानंतर. पण आधी आलं म्हणून तेच कारण, असं होत नाही. शिवाय पदार्थ अंगात असताना किंवा तो नुकताच सोडल्यावर येणारी उदासी वेगळी धरावी लागते. म्हणून नियम असा की पदार्थ थांबवून साधारण महिना उलटला तरी लक्षणं टिकली तर स्वतंत्र विकाराचा विचार करायचा. नेसार्कमध्ये हा भेद काटेकोरपणे पाळला, तेव्हा अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध निघालं: गेल्या वर्षभरात नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्यांपैकी ज्यांचा त्रास निव्वळ पदार्थामुळे होता असे अगदीच थोडे होते. 'आधी दारू सोड, मग नैराश्याचं बघू' असं पेशंटला सांगून परत पाठवणाऱ्यांनी हा निष्कर्ष डोळ्यांसमोर ठेवावा असं मला वाटतं.

गांजाने स्किझोफ्रेनिया होतो का?

धोका वाढतो, आणि जितका जास्त वापर तितका जास्त. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीच्या वेळी ४५,५७० तरुणांना गांजाबद्दल विचारलं गेलं आणि पुढे १५ वर्षं इस्पितळांच्या नोंदी पाहिल्या. ५० हून अधिक वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. भरतीच्या वेळीच असलेले मानसिक त्रास आणि इतर गोष्टी हिशोबात घेतल्यावर हे अंतर बरंच आक्रसलं, पण नाहीसं झालं नाही. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास आला: रोज गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसची (वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराची) शक्यता तिपटीहून थोडी जास्त, आणि रोजचा गांजा जहाल, म्हणजे त्यातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी १० टक्के किंवा वर असेल, तर जवळपास पाचपट.

आता दुसरी बाजू. त्या स्वीडिश तरुणांत भरपूर ओढणाऱ्यांपैकीही साधारण ९७ टक्क्यांना हा आजार झाला नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. प्रचार करणारे त्यातलं सोयीचं एक उचलतात.

सगळ्यात जास्त व्यसन लावणारा पदार्थ कोणता?

१९९०-९२ च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून जेम्स अँथनी आणि सहकाऱ्यांनी हिशोब केला: कधीतरी घेऊन पाहिलेल्यांपैकी किती जणांना पुढे अवलंबित्व आलं? तंबाखू ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. तंबाखू सगळ्यांच्या वर बघून लोक दचकतात. पण हे आकडे एका देशाचे आणि एका काळाचे आहेत. पदार्थ किती स्वस्त, किती कायदेशीर, किती जहाल, यावर ते हलतात. तंबाखूने संसार तितका उघडपणे मोडत नाही, म्हणून तो या चर्चेत मागे राहतो. अमेरिकेतल्या त्याच सर्वेक्षणावरून असंही निघालं की तिथल्या एकूण सिगारेटींपैकी सुमारे ४४ टक्के मनोविकार असलेली माणसं ओढत होती.

लवकर सुरुवात केली की व्यसन लागतंच का?

चौदा किंवा त्याहून कमी वयात दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना पुढे अवलंबित्व आलं, विशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांत सुमारे १० टक्क्यांना, असं ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं. पण लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरी आधीच बरंच काही बिघडलेलं असू शकतं. वय पुढे ढकललं की धोका तेवढाच घटेल का, यावर अजून वाद आहे.

हे शिकायला गणित किती लागतं?

लॉजिस्टिक रिग्रेशन (अनेक कारणं एकत्र धरून हो-नाही अशा निकालाची शक्यता काढायची पद्धत) समजून घेण्याइतकं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नमुना कसा निवडला हे वाचायची सवय. पुष्कळ विद्यार्थी थेट तक्त्यांवर उडी मारतात. पद्धतींचा भाग आधी वाचा: कोणाला विचारलं, किती जणांनी नकार दिला, प्रश्न कोणत्या शब्दांत होता. शक्य असेल तर एखाद्या सर्वेक्षणात स्वतः मुलाखती घ्या. तक्त्यातल्या 'हो'मागे किती कुरबुर असते ते त्याशिवाय समजत नाही.

मुलाखतीत कुणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर?

ही वेळ येते, म्हणून त्याची तयारी पहिल्या मुलाखतीआधी झालेली असावी लागते. मुलाखतकाराने निदान करायचं नाही आणि उपदेशही करायचा नाही. पण 'नोंद केली' म्हणून पुढच्या प्रश्नावर जायचंही नाही. प्रश्नावली बाजूला ठेवायची, शांतपणे ऐकायचं, आत्ता या क्षणी धोका आहे का ते विचारायचं आणि ठरलेल्या तज्ज्ञाला त्याच वेळी फोन करायचा. तज्ज्ञ कोण, रात्री कोणाला गाठायचं, पेशंटला तिथवर कोण नेणार, हे लेखी असावं. माहिती गुप्त ठेवण्याचं वचन देतानाच जिवाला धोका असेल तर अपवाद होईल हे संमतिपत्रात सांगितलेलं असावं, नाहीतर ऐन वेळी मुलाखतकार कात्रीत सापडतो. नाव आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत, मधला दुवा फक्त क्रमांकाचा, आणि ती जोडयादी कुलपात. घरातलं दुसरं कोणी ऐकत असेल तर मुलाखत थांबवून दुसरी वेळ मागायची.